पुरावाकाकांची चिठ्ठी

आमच्या ऑफिसात कुणी काहीही बोललं की काका आधी विचारायचे, "पुरावा?" उशिरा आलेली मुलगी म्हणाली बस चुकली, तरी हेच. चहावाला म्हणाला साखर घातलीय, तरी हेच. म्हणून त्यांना सगळे पुरावाकाका म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. ते कधी रागावले नाहीत. एकदा मला एवढंच म्हणाले, "तुमच्या नावापेक्षा बरं आहे, ताई." माझं नाव तोफ. ते का पडलं ते सांगत बसत नाही, पुढे कळेलच.

काका गेले त्याला आज सव्वा महिना झाला. ऑफिसात त्यांच्यासाठी दोन मिनिटं कुणी उभंसुद्धा राहिलं नाही. काढून टाकलेल्या माणसासाठी तसा नियम नाही म्हणे. मग मीच लिहायला बसले. मला लिहिता येत नाही, बोलता येतं, तेव्हा बोलते तसंच लिहिणार आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

आमचं ऑफिस म्हणजे रुग्णवाहिकांची कंट्रोल रूम. खिडकी नसलेली लांबट खोली, आठ टेबलं, प्रत्येक टेबलावर एक स्क्रीन, आणि कानाला हेडफोन लावलेल्या आम्ही आठजणी. फोन आला की पत्ता विचारायचा, काय झालंय ते विचारायचं, टाइप करायचं आणि "पाठवा" दाबायचं. तो निरोप जवळच्या ठाण्यावरच्या स्क्रीनवर जातो आणि तिथली गाडी निघते. निरोप पोचला की आमच्या स्क्रीनवर हिरवी खूण येते. फोन उचलल्यापासून हिरव्या खुणेपर्यंत चाळीस सेकंद, त्याच्यापुढे गेलं तर जाब द्यावा लागतो. कानात कुणीतरी रडत असतं, बोटं टाइप करत असतात आणि डोळे त्या खुणेकडे लागलेले असतात. मी हे काम सतरा वर्षं करते आहे.

हे सगळं ज्याच्यावर चालतं तो सर्व्हर वरच्या मजल्यावर एका थंडगार खोलीत, लोखंडी कपाटात. तिथे काका बसायचे. बारा महिने तपकिरी स्वेटर, टेबलावर चहाचा थर्मास. त्यांचं काम म्हणजे यंत्राची डायरी सांभाळणं. यंत्र दिवसभर स्वतःबद्दल लिहीत असतं: अमुक वाजता अमुक टेबलावरून निरोप आला, अमुक वाजता पुढे गेला, अमुक वाजता काहीतरी बिघडलं. त्याला लॉग म्हणतात. किती बारकाईने लिहायचं, कुठे साठवायचं, काय बिघडलं की कुणाच्या फोनवर इशारा पाठवायचा, हे सगळं काका ठरवायचे. रोज सकाळी लोक पेपर वाचतात तसे ते लॉग वाचायचे, चष्मा नाकावर आणून, बोट ओळीवर ठेवून.

तरुणपणी ते घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचे. दारात उभं करून लोक वाद घालायचे, आम्ही गावाला गेलो होतो, आमचा दिवा लागलाच नाही. काका म्हणायचे, "मला मीटर दिसतो, तुमचं गाव दिसत नाही." पुढे मीटर बदलले, माणसं कमी झाली, तेव्हा चाळिशीत ते कॉम्प्युटर शिकले आणि आमच्याकडे आले. मूलबाळ नाही. काकू बालवर्गाच्या शिक्षिका, अखंड बोलणाऱ्या. दिवसभरात कोणत्या पोराने काय केलं ते त्या सांगायच्या आणि काका नुसते "हूं" म्हणायचे. पण आठवड्यानंतर विचारलं तर त्या पोराचं नाव त्यांनाच आठवायचं, काकूंना नाही.

सर्व्हर रूमच्या दारावर त्यांनी मार्करने लिहून ठेवलं होतं: नोंद नाही म्हणजे घडलं नाही. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी छापून फ्रेम करून आमच्या खोलीत लावलं. आजही ते तिथेच आहे. त्याच्याकडे मी पाठ करून बसते.

आणि एक पद्धत होती काकांची. यंत्राची एखादी सेटिंग थोड्या वेळापुरती बदलायची असली की ते एक पिवळी चिठ्ठी लिहायचे आणि कपाटाच्या दारावर चिकटवायचे. काय बदललं. कुणी. कधी. परत कधी. सेटिंग पूर्ववत झाली की शेवटच्या ओळीत वेळ घालायचे आणि चिठ्ठी काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. कपाटावर चिठ्ठी असताना ते घरी जात नसत. आम्ही हसायचो. म्हणायचो, काकांनी घरी गॅस बारीक केला तरी शेगडीवर चिठ्ठी लावत असतील.

चार वर्षांपूर्वी आमच्या स्क्रीन अडकायला लागल्या. "पाठवा" दाबलं की ते गोल गोल चक्र फिरत बसायचं, एक मिनिट, कधी दोन. मग आपोआप सुटायचं. मी तक्रार केली. सिस्टिम बसवणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, लॉगमध्ये काही नाही, सिस्टिम ठणठणीत आहे. साहेब म्हणाले, बायका घाईत दोन-दोनदा बटण दाबतात, त्याने अडकत असेल. माझं डोकंच फिरलं. तडक वर गेले आणि काकांना जे तोंडाला येईल ते ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुरावा?"

"या की खाली," मी म्हटलं. "बसा आमच्यात आणि बघा डोळ्यांनी."

आणि ते खरंच आले. चार दिवस दुपारी माझ्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसले, हातात घड्याळ काढून. चौथ्या दिवशी चक्र फिरलं. एक मिनिट पन्नास सेकंद. काकांनी ते कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "यंत्र फार थोडक्यात लिहितंय, म्हणून यात सापडत नाही. त्याला सगळं लिहायला लावतो. पण तसं लिहायला लागलं की डिस्क भराभर भरते, नळाखाली बादली ठेवल्यासारखी. मला समोर बसून राहावं लागेल आणि सापडलं की लगेच बंद करावं लागेल." लॉगसाठी वेगळी डिस्क द्या, म्हणजे ती भरली तरी काम थांबणार नाही, असं त्यांनी दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही वेळा कागद परत आला. वर शेरा, सध्या आवश्यकता वाटत नाही.

हे मी का सांगते, तर त्यांनी ती सेटिंग लावली ती आमच्यासाठी. आठ बायका खोटं बोलत नाहीत, एवढं दाखवायला.

मंगळवारी सकाळी दहाला त्यांनी ती लावली. चिठ्ठी कपाटावर. दुपारी तीन चाळीसला माझा आतला फोन वाजला. "ताई, सापडलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खुशीत मी कधी ऐकला नव्हता. मी फोन ठेवते तोच हेडफोनमध्ये दुसरा कॉल. एक बाई धापा टाकत बोलत होत्या. शेजारीण स्टुलावरून पडली आहे, डोक्यातून रक्त येतंय, पाय हलवता येत नाही, त्यांचे मिस्टर तुमच्याच ऑफिसात आहेत. आडनाव ऐकलं. काकू होत्या. मी पत्ता टाकला, बटण दाबलं, हिरवी खूण आली. हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि जिना चढत सुटले.

काका कपाटासमोर उभे होते. एक हात कीबोर्डवर, दुसऱ्यात पेन. मी सांगितलं. "हो," ते म्हणाले. "आलोच. एक मिनिट, ही सेटिंग तेवढी..."

मी त्यांचं मनगट धरलं. "खड्ड्यात गेली तुमची सेटिंग," मी म्हटलं. "बायको रक्तात पडलीय आणि तुम्ही बटणं कसली दाबताय." आणि ओढत जिन्याकडे नेलं. ऑफिसच्या गाडीत बसवलं, ड्रायव्हरला हॉस्पिटल सांगितलं. त्यांचा थर्मास वरच राहिला. खाली येऊन मी सगळ्यांना रंगवून सांगितलं, काका कसे यंत्राला चिकटून होते आणि मी त्यांना कसं उचललं. सगळ्या म्हणाल्या, तोफ होती म्हणून. मलाही तसंच वाटलं.

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. बुधवारी तपासण्या, गुरुवारी सकाळी ऑपरेशन. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर पाटी होती, फोन बंद ठेवा. शंभर माणसं त्या पाटीखाली बसून फोनवर बोलत असतील. काकांनी फोन बंद केला.

गुरुवारी अकरा वाजून बावीस मिनिटांनी मला एका मुलीचा फोन आला. वडील शिलाईच्या मशीनवरून खाली पडले होते, श्वास घेत नव्हते. शिंपी होते ते, घराच्याच पुढच्या खोलीत दुकान. पत्ता तिने नीट सांगितला, एकदाही अडखळली नाही. मी "पाठवा" दाबलं. चक्र फिरायला लागलं.

"गाडी निघाली का?" तिने विचारलं.

"हो बाळा, निघाली," मी म्हटलं.

हे मी आता कुणालाही समजावू शकत नाही. आम्ही सगळ्याच तसं म्हणायच्या. बटण दाबलं म्हणजे निघालीच, खूण मागून येते. चक्र फिरतंय म्हणजे मिनिटभरात सुटेल, नेहमी सुटतं. तिला मी छाती कशी दाबायची ते सांगितलं. मोठ्याने मोज म्हटलं, माझ्याबरोबर. आम्ही दोघी मोजत होतो. चक्र फिरत होतं. मी आणखी दोनदा दाबलं. बाजूच्या टेबलांकडे बघितलं तर सगळ्यांच्या स्क्रीनवर तेच. सहा मिनिटं गेली तेव्हा मी साधा फोन उचलून ठाण्याला लावला. तिथला ड्रायव्हर म्हणाला, "आमच्याकडे काहीच आलेलं नाही, ताई."

गाडी पोचली तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती. ती पोरगी अजून मोजत होती. शिंपी गेलेले होते.

शुक्रवारी मला घरी बसवलं. आमचं बोलणं रेकॉर्ड होतं ते वेगळ्या यंत्रावर, आणि ते चोख होतं. माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो: हो बाळा, निघाली. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र त्या वेळी माझ्या टेबलावरून काहीच नाही. बाकीच्या सातजणी चक्र फिरत होतं म्हणाल्या, ते कुणी लिहून घेतलं नाही. साहेबांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. नोंद नाही. म्हणजे मी बटण दाबलंच नाही, आणि वर मुलीला खोटं सांगितलं. चौकशी बसणार, नोकरी जाणार, पोलिसांत प्रकरण जाणार ते वेगळंच. पोलिसांनी जबाब घेतलाच. टेबलापलीकडचा माणूस माझ्यापेक्षा वयाने लहान, एकेरीत बोलत होता.

घरी तिसऱ्या दिवशी ताटावर बसल्यावर नवरा म्हणाला, "तू दाबलं होतंस ना? नक्की?" मी ताटावरून उठले. सासूबाई शेजारच्यांना सांगत होत्या, रजा घेतलीय. मुलगी शाळेतून आली की माझ्याकडे चोरून बघायची. पाचव्या दिवसापासून मलाच शंका यायला लागली. बोट खाली गेलं होतं का? की वरच राहिलं? रोज स्वयंपाक करता करता ते बोट मी ओट्यावर दाबून बघायची.

मला एकाच माणसाची आशा होती. काका येतील, लॉग उघडतील, सांगतील. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. हॉस्पिटलात गेले. ते कॉरिडॉरमध्ये बाकावर होते, त्याच स्वेटरमध्ये. मला बघून उठले, पण वर बघेनात. म्हणाले, "ताई, काकूंना आत्ताच झोप लागलीय." एवढंच. मी परत फिरले आणि बसमध्ये त्यांना मनातल्या मनात घालून पाडून काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. नऊ दिवस हा माणूस गप्प बसला. मी त्यांचं गुणगान करायला बसलेली नाही, म्हणून हेही सांगितलं.

दहाव्या दिवशी चौकशी. लांब टेबलामागे तीन माणसं, मधले अध्यक्ष. बाजूला साहेब आणि कंपनीचा माणूस. मागच्या खुर्चीवर शिंप्याची मुलगी, मांडीवर कॉलेजची सॅक धरून. कंपनीच्या माणसाने लॉगचे कागद वाटले. या टेबलावरून निरोप पाठवल्याची नोंद नाही, असं तो तीनदा म्हणाला. अध्यक्ष लिहून घेत होते. मला वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात दार उघडून काका आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. साहेब म्हणाले, "तुमचं काही काम नाही इथे. घरची अडचण आहे, तुम्ही जा." काकांनी ऐकलं नाही. त्यांनी अध्यक्षांपुढे एक कागद ठेवला. "ही शेवटची ओळ वाचा," ते म्हणाले.

अध्यक्षांनी वाचली. तारीख, अकरा वाजून बावीस मिनिटं, आणि पुढे सेकंदाचा आकडा अर्धाच. ओळ मध्येच तुटली होती.

"यंत्र असं अर्धवट लिहीत नाही," काका म्हणाले. "जागा संपली म्हणून तुटलं. डिस्क भरली. लिहिणं थांबलं, आणि त्याबरोबर सगळं थांबलं. त्यानंतर या ताईंनी बटण दाबलं असेल तरी लिहिलं जाणार नव्हतं आणि नसेल दाबलं तरी नव्हतं. या कागदावरून त्यांना दोषी धरता येत नाही."

"पण तुमचाच नियम आहे ना," अध्यक्ष म्हणाले, "नोंद नाही म्हणजे..."

"नियम चुकीचा आहे," काका म्हणाले.

मग अध्यक्षांनी विचारलं, "डिस्क कशाने भरली?"

"माझ्या लॉगने." त्यांनी खिशातून पिवळी चिठ्ठी काढून कागदाशेजारी ठेवली. सगळं लिहायची सेटिंग. कुणी: मी. कधी: मंगळवार, सकाळी दहा. "ही मी लावली. गुरुवारी दुपारी ऑपरेशन झाल्यावर फोन सुरू केला तेव्हा चौदा इशारे आलेले होते. येऊन मी डिस्क मोकळी केली, बारा पस्तीसला. साहेब म्हणाले, आपोआप सुरू झालं असं लिहा. मी तसं लिहिलं. ते खोटं आहे."

साहेबांचं तोंड उतरलं. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मंगळवार, सेटिंग, एक मिनिट. माझ्या तळहाताला अजून त्यांचं मनगट लागत होतं, स्वेटरच्या लोकरीसकट.

अध्यक्षांनी विचारलं, "मंगळवारी तुम्ही निघालात तेव्हा ही बंद का केली नाही?"

काकांनी चिठ्ठीकडे बघितलं. माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही, जरासुद्धा नाही.

"विसरलो," ते म्हणाले.

अध्यक्षांनी पेन थांबवलं. "विसरलात?"

"हो. लिहून घ्या. मी विसरलो."

जो माणूस कपाटावर चिठ्ठी असताना घरी जात नसे, तो म्हणाला विसरलो, आणि त्या खोलीत ते खोटं आहे हे फक्त दोघांना माहीत होतं. मी तोफ. लोकांना बसमध्ये जागेवरून उठवते, डॉक्टरांना सुनावते, साहेबांना सुनावते. तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला घर दिसत होतं, मुलगी दिसत होती, पोलिसांतला तो माणूस दिसत होता. उठून एवढंच म्हणायचं होतं, ते बंद करत होते, मीच ओढलं. फक्त सहा शब्द. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

बाहेर आल्यावर ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाली, "आमच्या घरासमोरच्या काकांनी त्यांची गाडी दारात आणली होती. तुम्ही निघाली म्हणालात म्हणून मी त्यांना नको म्हटलं." मग सॅक खांद्याला लावून गेली. हे चौकशीच्या कागदांत कुठेही नाही. मला कुणी विचारलं नाही, तिलाही नाही.

मी कामावर परत आले. काकांना काढून टाकलं, निवृत्तीला अकरा महिने राहिले असताना. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर. महिन्याभरात लॉगसाठी वेगळी डिस्क आली आणि इशारा एकाऐवजी चार जणांच्या फोनवर जाऊ लागला. काकांनी मंगळवारी पकडलेला बिघाड कंपनीने गुपचूप दुरुस्त केला. चक्र त्यानंतर फिरलेलं नाही.

त्यांच्या घरी मी गेले, चार वर्षांत पाच-सहा वेळा. काकू वॉकर धरून चालायच्या, बोलायच्या मात्र पहिल्यासारख्याच. काका चहा करायचे. खिडकीशी त्यांची खुर्ची होती आणि हातात बहुतेक काहीच नसायचं. पेपरसुद्धा वाचायचे नाहीत. आमच्या त्या खोलीची एकदाही चौकशी केली नाही. मी दर वेळी ठरवून जायची की आज बोलायचं. "काका, त्या मंगळवारी..." एवढं म्हटलं की ते म्हणायचे, "ताई, चहा निवतोय." मी चहा प्यायची आणि घरी यायची. खरं सांगायचं तर ते थांबवायचे ते मला हवंच असायचं.

गेल्या महिन्यात सकाळी ते त्याच खुर्चीत गेले. कॉल माझ्या टेबलावर आला नव्हता, पलीकडच्या मुलीने घेतला. नंतर मी वर जाऊन तिथल्या नव्या माणसाला लॉग दाखवायला लावला. आठ चौदाला फोन, एकतीस सेकंदांत हिरवी खूण, नऊ मिनिटांत गाडी दारात. एकही ओळ तुटलेली नाही. गाडी पोचायच्या आधीच ते गेले होते.

दहा-बारा दिवसांनी काकूंनी मला बोलावलं आणि तो पत्र्याचा डबा पुढे केला. "तुम्हाला द्यायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी उघडलेला नाही." आत शेकड्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या, वर्षानुवर्षांच्या, प्रत्येकीवर चारही ओळी भरलेल्या. सगळ्यात वर एक होती, तिच्यावर पाच ओळी. खरी चिठ्ठी चौकशीच्या फाईलला लागली होती, ही त्यांनी घरी पुन्हा लिहिलेली.

सगळं लिहायची सेटिंग. कुणी: मी. कधी: मंगळवार, सकाळी १०.००. परत कधी: गुरुवार, दुपारी १२.३५. आणि खाली, त्याच बारीक अक्षरात: मध्ये का राहिली: ताईंनी हात धरून ओढलं. मी ओढू दिलं.

काकू विचारत होत्या, काय आहे, काय लिहिलंय. मला त्यांना वाचून दाखवता आलं नाही. मी त्यांच्या वॉकरवर डोकं ठेवून रडले आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, कशासाठी ते माहीत नसताना.

दुसऱ्या दिवशी मी ती चिठ्ठी घेऊन मुख्य ऑफिसात गेले. दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाला म्हटलं, हा कागद त्या प्रकरणाला लावा, आणि माझा जबाब नव्याने घ्या. नोकरी गेली तरी चालेल. त्याने रजिस्टर उघडून नंबर शोधला, चांगला माणूस होता बिचारा. म्हणाला, "फाईल बंद झालीय, बाई. निकाली निघालेल्या प्रकरणात नवीन कागद लावता येत नाही. आता याची नोंद नाही घेता येणार."

म्हणून इथे लिहिलं. मंगळवार, दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटं. काकांचा हात सेटिंग बंद करायला गेला होता. तो मी धरला. ते विसरले नव्हते.